प्रवासाला कोणता कॅमेरा न्यावा?

दिवाळीचा बोनस हाती पडला, की घरोघरी सहलीचे बेत शिजू लागतात. कुणाला हिमाचल खुणावते, कुणाला हंपी. कुणी अजिंठ्यावरच समाधान मानतो. बेत ठरला, की हौशी मंडळींच्या मनात दुसरा प्रश्न डोकावतो : बरोबर कॅमेरा कोणता घ्यावा? दुकानदार महागडाच पुढे करणार, आणि मित्राला विचारावे तर तो स्वतःच्याच कॅमेऱ्याची वकिली करणार!

म्हणून आधी एक जुनी हकीकत ऐका. जर्मनीतल्या वेट्झलार गावी लाइट्झ कारखान्यात ऑस्कर बार्नाक नावाचे गृहस्थ होते. प्रकृतीला दमा, आणि हौस मात्र भटकून छायाचित्रे घेण्याची. काचेच्या प्लेटांचे अवजड धूड वाहणे त्यांना झेपेना. तेव्हा १९१३-१४ च्या सुमारास त्यांनी सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी फिरवणारा एक चिमुकला कॅमेरा बनवला. १९२५ साली लायप्झिगच्या व्यापारी जत्रेत तो 'लायका' या नावाने लोकांपुढे आला. त्याची २४ × ३६ मिलिमीटरची चौकट आजही 'फुल फ्रेम' म्हणून मिरवते आहे. ओझे कमी करण्यासाठी जन्मलेल्या चौकटीपायीच आज पुष्कळ जण जडशीळ भिंगे खांद्यावर वाहतात, याला काय म्हणावे?

तेव्हा कॅमेरा निवडण्यापूर्वी, आपण टिपणार काय, हे ठरवा. अजिंठ्याच्या लेण्यांत उजेड मंद, आणि फ्लॅशला सक्त मनाई. तिथे एफ/१.८ चे भिंग एफ/४ च्या जवळजवळ पाचपट प्रकाश आत घेते. हाताची थरथर सावरणारी 'स्टॅबिलायझेशन'ची सोयही तिथे उपयोगी पडते, कारण भिंतीवरचे चित्र जागचे हलत नाही. पण संध्याकाळच्या वारीत नाचणारा वारकरी टिपायचा, तर ही सोय कामाची नाही. तो हलतोच आहे! तिथे मोठ्या छिद्राचे भिंगच हवे.

उलट भिगवणला रोहित पक्षी पाहायला निघालात, तर लहान सेन्सर फायद्याचा. 'मायक्रो फोर थर्ड्स'चा सेन्सर क्षेत्रफळाने फुल फ्रेमच्या साधारण चौथा हिस्सा. मंद उजेडात तो थोडा उणा पडतो खरा. पण त्यावर २०० मिलिमीटरचे भिंग फुल फ्रेमवरच्या ४०० इतके दृश्य जवळ दाखवते. पिशवी हलकी राहते, हा वरचा लाभ.

आणि हातातल्या मोबाइलला कमी लेखू नका. भर उजेडात, घरच्या माणसांची छायाचित्रे घ्यायला तो पुरेसा आहे. मात्र बोटांनी ताणून दृश्य जवळ आणले, की पुष्कळदा ती नुसती कापाकापी असते. तपशील वाढत नाही.

पैशाचे म्हणाल, तर कॅमेऱ्याची नवलाई चार वर्षांत ओसरते. चांगले भिंग पुष्कळ वर्षे साथ देते. म्हणून खर्च भिंगावर करावा आणि कॅमेरा जुना घेण्यात कमीपणा मानू नये. जुना घेताना भिंगात विजेरीचा झोत टाकून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी. मुकाट्याने परत करा. कोकणच्या दमट हवेत ही पीडा फार. पावसाळ्यात भिंगे हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत. विमानाने जाणार असाल, तर जादा बॅटऱ्या हातातल्या पिशवीत घ्या. सामानात टाकायला मनाई आहे.

शेवटची कसोटी दुकानातच घ्या. कॅमेरा भिंगासकट गळ्यात अडकवा आणि पंधरा मिनिटे उभे राहा. मान अवघडली, तर राजगडाच्या निम्म्या वाटेवर तो पिशवीत जाईल आणि पिशवीतच राहील. पिशवीतल्या उत्तम कॅमेऱ्यापेक्षा हातातला साधा बरा.

आणि एक हिशेब घरात बसून करावा. कॅमेऱ्याच्या किमतीपायी आईचे तिकीट रद्द होत असेल, तर तो कॅमेरा कितीही चांगला असो, घेऊ नये. ज्या छायाचित्रात आईच नाही, ते दहा वर्षांनी काढून पाहणार कोण?