सुचतं एकाला, टिपतं कोण?

‘बसल्या बसल्या गाणं केलं हो त्यानं!’ एखाद्या मोठ्या कलावंताबद्दल असं सांगताना सांगणाऱ्याचे डोळे कसे चमकतात, पाहिलंय कधी? वर्षभर घासूनपुसून केलेल्या गाण्याचं आपल्याला तेवढं अप्रूप नसतं. पण चहा उकळेपर्यंत चाल सुचली म्हटलं, की आपण हात जोडतो.

अमेरिकेतल्या स्टीव्ही वंडरच्या चाहत्यांचं अगदी असंच आहे. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भजनांतला आर्तपणा प्रेमाच्या, संसाराच्या गाण्यांत उतरला आणि त्यातून ‘सोल’ संगीत झालं. त्या संगीतातला हा फार मोठा माणूस. जन्म १३ मे १९५० चा, मिशिगन राज्यातला. दिवस पुरे होण्याआधीच जन्मला, म्हणून काचेच्या पेटीत ठेवला आणि तिथल्या जादा प्राणवायूनं दृष्टी गेली. पण बोटांना आणि कानांना जे दिसत होतं, ते डोळसांना कुठं दिसायला! पियानो, हार्मोनिका, ड्रम, सगळं लहानपणीच हाताखाली आलं. अकराव्या वर्षी, म्हणजे १९६१ मध्ये, डेट्रॉईटच्या मोटाऊन कंपनीनं त्याला करारबद्ध केलं.

चाहत्यांकडे गोष्टींचा खजिनाच आहे. शिकागोच्या रीगल थिएटरमधली गोष्ट घ्या. बारा वर्षांच्या या पोराचं गाणं संपलं, त्याला आत नेलं, पुढच्या गायिकेचे वादक येऊन बसायला लागले. तेवढ्यात हा पुन्हा बाहेर आला आणि हार्मोनिका वाजवायलाच लागला! नवा वादक गोंधळून सूर कुठला, सूर कुठला म्हणून ओरडतोय, ते रेकॉर्डवर चक्क ऐकू येतं. हेच ‘फिंगरटिप्स’ १९६३ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. तेव्हा हा तेरा वर्षांचा. दुसरी गोष्ट ‘हायर ग्राउंड’ची. १९७३ च्या मे महिन्यात शब्द, चाल, वादन, ध्वनिमुद्रण सगळं मिळून तीन तासांत झालं, असं त्यानंच सांगितलंय. पुढं ऑगस्टमध्ये मोटारीचा भीषण अपघात होऊन तो काही दिवस बेशुद्ध होता. हेच गाणं कानाशी म्हटलं तेव्हा त्याची बोटं हलायला लागली, असं त्याच्याबरोबरची माणसं सांगत. अंगावर काटा येतो की नाही?

मलाही या गोष्टी आवडतात. खोटं कशाला बोलू? पण त्या ऐकताना मला एक खटकतं. या सगळ्या गोष्टींत तो एकटाच असतो. तो, त्याची प्रतिभा आणि वरून पडलेली वीज!

तर १९६५ साली झालं काय, की या मुलाचा आवाज फुटला. वय पंधरा. गोड बालआवाजावर कंपनीचा धंदा चालला होता, तो आवाजच गेला. मोठं यशही दोन वर्षांत पुन्हा आलं नव्हतं. याला आता सोडून द्यावं, अशी बोलणी कंपनीत सुरू झाली. तिथं सिल्व्हिया मॉय नावाची तरुण मुलगी गाणी लिहीत असे. आली होती गायिका व्हायला, पण कंपनीला गाणी लिहिणारी माणसं हवी होती, म्हणून लेखणी हातात आली. या मुलावर मला काम करू द्या, असं तिनं पुढं होऊन सांगितलं. त्याच्याकडे गेली आणि म्हणाली, तुझ्याकडे जे काही सुचलेलं आहे ते सगळं वाजवून दाखव. त्यानं दाखवलं. तिला काही पटेना. आणखी काही आहे का? शेवटी त्यानं जाता जाता एक तुकडा वाजवला. एवढासा, अर्धवट, त्याच्या दृष्टीनं किरकोळ. तिनं तोच उचलला. त्या तुकड्याचं झालं ‘अपटाइट’. सिल्व्हियानं त्याला शब्द दिले, हेन्री कॉस्बी या सहकाऱ्यानं मदत केली, आणि बुडतंय म्हणता म्हणता त्या मुलाचं तारू पुन्हा वाऱ्याला लागलं.

पुढची गंमत तर ऐकाच. ध्वनिमुद्रणाची वेळ आली, पण शब्द ब्रेलमध्ये उठवून घ्यायला सवड नव्हती. मग सिल्व्हिया माइकवर बसली. एकेक ओळ आधी ती त्याच्या कानातल्या हेडफोनमध्ये म्हणायची आणि लगेच तो ती गायचा. ती एक ओळ पुढं, तो एक ओळ मागं. अख्खं गाणं असं झालं! आणि ऐकणाऱ्याला वाटतं, कसं उत्स्फूर्त गातोय पोरगा!

आता मला सांगा, यात उत्स्फूर्त काय होतं? तुकडा सुचला तो नक्कीच. पण सुचलेलं टाकून द्यायच्या आत ओळखणं, हेही त्याच क्षणी व्हावं लागतं. सिल्व्हियाला तो तुकडा ऐकताक्षणी कळला, याला आपण प्रतिभा का म्हणत नाही? चांगलं ऐकणं म्हणजे नुसतं गप्प बसणं, असं आपल्याला कुणी शिकवलं कोण जाणे. ‘माय शेरी अमूर’ हे त्याचं लाडकं गाणं मुळात मार्शा नावाच्या मुलीवर होतं. त्या दोघांचं जमेना, तेव्हा शीर्षक बदलून टाकणारीही हीच.

दुसरी बाई म्हणजे त्याची आई, लूला मे हार्डवे. अलाबामातल्या कापसाच्या गरिबीतून आलेली, नवऱ्याचा जाच सोसलेली, मुलांना घेऊन डेट्रॉईटला संसार मांडणारी. तिची ओळख सगळीकडे ‘स्टीव्हीची आई’ अशीच दिली जाते. पण १९६७ चं ‘आय वॉज मेड टू लव्ह हर’ काढा, गीतकारांत तिचं नाव आहे, सिल्व्हियाचंही आहे. १९७० चं ‘साइन्ड, सील्ड, डिलिव्हर्ड’ काढा, तिथंही तिचं नाव आहे. मुलगा चाल वाजवत होता आणि आईच्या तोंडून सहज जे निघालं त्यावर गाणं उभं राहिलं, असं सांगतात. ग्रॅमीच्या नामांकनातही तिचं नाव होतं. आईनं हौसेनं दोन शब्द सुचवले, असं म्हणून ते सोडून देता आलं असतं. तसं झालं नाही, शब्द तिचे म्हणून नाव छापलं गेलं. नाव छापलं की मानधनाचा हक्क येतो, आणि तो हक्क माणसाच्या पश्चातही टिकतो. त्यामुळे हा नुसत्या मानापानाचा प्रश्न नाही.

सिल्व्हियाचं मात्र अर्धंच झालं. गीतकार म्हणून नाव लागलं. पण स्टुडिओत बसून गाणं घडवणारी, ज्याला तिकडे निर्माता म्हणतात, ते कामही ती करत होती. त्याचं श्रेय रेकॉर्डवर पुरुष सहकाऱ्यांच्या नावावर गेलं.

आपल्याकडे हे नवं नाही. हळदीकुंकवात आयत्या वेळी उखाणा रचणारी एखादी काकू आपल्या प्रत्येकीच्या माहितीत आहे. डोहाळजेवणाला जुन्या चालीवर तिथल्या तिथे नवी कडवी बांधणारी मावशीही आहे. टाळ्या पडतात, फराळाच्या बशा फिरतात आणि कडवं विरून जातं. बहिणाबाईंची गाणी वाचली, कारण मुलानं, सोपानदेवांनी ती लिहून ठेवली. पुस्तक निघालं १९५२ मध्ये, आणि त्या गेल्या १९५१ च्या डिसेंबरात. तिकडे मुलाला सुचलेलं बायकांनी टिपलं, इथं आईला सुचलेलं मुलानं टिपलं. टिपणारं कुणी भेटलंच नाही, अशा किती जणी असतील?

स्टीव्हीचं श्रेय यानं तसूभरही कमी होत नाही, हेही सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई उगाच मोठ्या माणसाला खाली खेचतेय! उलट हा माणूस केवढा कष्टाळू होता, ते उत्स्फूर्ततेच्या कौतुकात झाकून जातं. १९७१ मध्ये एकवीस पूर्ण होताच त्यानं जुना करार संपू दिला आणि आपल्या गाण्यांचा हक्क आपल्याकडे राहील असा नवा करार करून घेतला. वीस-एकविसाचं वय, डोळ्यांना दिसत नाही, समोर बलाढ्य कंपनी! मला विचाराल तर ‘हायर ग्राउंड’च्या तीन तासांइतकीच ही गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९७६ चा ‘साँग्ज इन द की ऑफ लाइफ’ हा अल्बम तर दोन वर्षं चालला होता. लोक इतके वाट पाहून थकले, की ‘होतच आलंय’ अशा अर्थाचं वाक्य छापलेले टी-शर्ट स्टुडिओत घातले गेले. त्या वर्षीच्या ग्रॅमी सोहळ्यात पॉल सायमननं पुरस्कार घेताना, यंदा स्टीव्हीनं अल्बम काढला नाही म्हणून त्याचे जाहीर आभार मानले होते! लेक आयेशाच्या जन्मावरचं ‘इझन्ट शी लव्हली’ याच अल्बममधलं. त्यात बाळाचं रडणं आणि तिचा न्हाणीतला आवाजही आहे. साडेसहा मिनिटांचं ते गाणं कापून छोटं करायला त्यानं ठाम नकार दिला. सुचतं एका क्षणात, पण सुचलेल्यासाठी असं भांडावंही लागतं.

लूला मे २००६ मध्ये गेली. त्याच वर्षी सिल्व्हिया मॉयचा समावेश अमेरिकेच्या ‘साँगरायटर्स हॉल ऑफ फेम’मध्ये झाला. ‘अपटाइट’ला तोवर एक्केचाळीस वर्षं झाली होती. २०१७ मध्ये तीही गेली. गाणं मोबाइलवर सहज मिळतं, तीन मिनिटांचंसुद्धा नाही. दुपारी भांडी आवरताना लावून बघा. तिचा आवाज काही त्यात ऐकू येत नाही, तो फक्त त्याच्या हेडफोनमध्ये होता.