दुखऱ्या दाढेवरची पूड

आमच्या हर्सूलच्या घरांत देवघराशेजारच्या कोनाड्यांत पत्र्याचा एक डबा आहे. हळद, तुरटी, कात आणि लवंगेच्या तेलाची बाटली हे त्यांतले मूळचे रहिवासी. सोफ्रामायसिनची नळी, निओस्पोरिनची पूड आणि कोणाच्या तरी आजारपणांत उरलेल्या गोळ्या हे मागाहून आलेले बिऱ्हाडकरू. मुलाचा गुडघा फुटो, कोणाचें बोट विळीवर कापो कीं कोणाची दाढ ठणको, सर्वांची धांव या डब्याकडे. वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं असा डबा असेलच. म्हणून गेल्या भाद्रपदांत त्यानें आमची जी फजिती केली ती सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

महालक्ष्म्या दोन दिवसांवर आल्या होत्या. धाकट्या सूनबाईची खालची दाढ ठणकूं लागली व हिरडीवर पुळी दिसूं लागली. सणाच्या घाईंत दंतवैद्याकडे कोण जातो! "मामंजी, सण निभेल असें कांहीं तरी द्या," असें ती म्हणाली. आम्हीं डब्यांतून अमॉक्सिसिलीनची एक कॅप्सूल काढली, ती उकलली आणि आंतली पूड हिरडीवर दाबून धरावयास सांगितली. थोरल्या चिरंजीवांच्या पायाच्या जखमेसाठीं डॉक्टरांनीं पांच दिवसांचें औषध दिलें होतें. त्यांनीं तें तिसऱ्या दिवशींच सोडलें, त्यांतली ही शिल्लक. दुसऱ्या दिवशीं ठणका उतरला व आमच्या वैद्यकीची घरांत वाखाणणी झाली. महालक्ष्म्यांचें विसर्जन झालें त्या रात्रीं मात्र जबड्याखालीं सूज आली. पहांटे तोंडांत दोन बोटें जाईनात आणि अंगांत सणसणून ताप. शहरांतील दंतवैद्यांनीं दाढ उघडून पू वाहता केला. आणखी एक दिवस घरीं काढला असता तर सूज गळ्याकडे उतरून श्वासच कोंडला असता, असें ते म्हणाले. ती कॅप्सूल आपण कोणत्या अधिकारानें उकलली, हा प्रश्न त्यांनीं विचारला नाहीं. आम्हीं स्वतःस विचारला.

पूड व्यर्थ कां गेली तें समजून घेण्यासारखें आहे. दांत बाहेरून कठीण, परंतु त्याच्या पोटांत मऊ गर असतो व मुळाच्या टोंकांतून रक्ताच्या सूक्ष्म वाहिन्या त्यांत शिरतात. कीड खोल गेली कीं जंतु त्या गरापर्यंत पोंचतात, गर मरतो, आणि मुळांतील पोकळ नळी जंतूंचें घर बनते. पुढें मुळाच्या टोंकापाशीं, जबड्याच्या हाडांत, पू सांचतो. हिरडीवर टाकलेली पूड तेथवर जाणार कशी? गिळलेलें औषध तरी रक्तावाटेंच जातें, आणि मेलेल्या गरांत रक्तच नाहीं. सूज पसरूं लागली किंवा ताप आला तर पोटांतून औषध द्यावेंच लागतें. पण मूळ साफ केल्याखेरीज किंवा दांत काढल्याखेरीज दुखण्याचें घर मोडत नाहीं. मग ठणका उतरला तो कशानें? कोंडलेल्या पुवानें हाड पोंखरून वाट काढली कीं दाब घटतो आणि दुखणें कमी होतें. श्रेय मात्र पुडीस मिळालें.

सूनबाई घरीं परतल्यावर आम्हीं लाजेकाजेस्तव सुश्रुतसंहिता उघडली. जन्मभर मुलांस संस्कृत शिकविलें, ग्रंथ फळीवर होता, पण वेळेवर आठवला नाहीं. दांताच्या मुळाशीं नाडी, म्हणजे पुवाची वाट, झाली असेल तर तो दांतच काढावा, असें सुश्रुत सांगतो. उपेक्षा केल्यास ती जबड्याचें हाड भेदते, अशी ताकीदहि देतो. वरचा दांत उपटूं नये, त्यानें रक्तस्राव होऊन दृष्टि जाते, ही त्याची भीति आजचे दंतवैद्य मानीत नाहींत. परंतु मुख्य मुद्दा त्यानें अचूक हेरला आहे. व्रणावरचे साठ उपक्रम त्यानें मोजले आहेत, आणि चिरणें, पू काढणें, धुणें यांस त्यांत लेपाइतकाच मान आहे. आम्हांस तेवढे लेप आठवतात!

पेनिसिलीनचा आरंभहि वरून लावण्यानेंच झाला, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसेल. पहिल्या महायुद्धांत फ्रान्समधील बुलोन येथें काम करतांना अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं पाहिलें होतें कीं, खोल जखमेंत ओतलेलीं जहाल जंतुनाशकें जंतूंपेक्षां शरीराच्या रक्षक पेशींचाच अधिक नाश करतात. १९२८ मध्यें लंडनमध्यें त्यांना पेनिसिलीन सांपडलें, तेव्हां जखमेवर लावण्याजोगें सौम्य औषध म्हणूनच त्यांनीं त्याकडे पाहिलें. १९३० मध्यें शेफील्ड येथें सेसिल पेन या डॉक्टरांनीं त्याचा कच्चा अर्क घालून नवजात बालकांचे डोळे बरे केले. पुढें मलमें, चघळण्याच्या गोळ्या, दांतांच्या पुडी, सर्वांत पेनिसिलीन आलें. आणि लवकरच अनुभव आला कीं, कातडीवर व तोंडांत तें वारंवार लावल्यानें पुष्कळांच्या शरीरास त्याचें वावडें जडतें. मग तोच मनुष्य खरोखर आजारी पडून टोंचून घेऊं लागला तर प्राणावर बेतावयाचें. म्हणून ती चाल जगानें सोडली. अमॉक्सिसिलीन हें पेनिसिलीनचेंच भावंड. जगानें सोडलेली चाल आम्हीं हर्सुलांत पुन्हां सुरू केली होती.

आतां वरून लावण्याचीं औषधें बहुधा निराळ्या कुळांतलीं असतात. १९४९ मध्यें जाहीर झालेलें निओमायसिन टोंचल्यास मूत्रपिंडास व कानास अपाय करतें, म्हणून त्यास कातडीवरचें काम मिळालें. सोफ्रामायसिनमधील फ्रॅमायसेटिन त्याचेंच सगोत्र. खरचटलेली जागा वाहत्या स्वच्छ पाण्यानें धुतली, माती काढली, तर पुष्कळदां मलमाची गरजच पडत नाहीं. पुवावर पूड टाकली तर वर खपली धरते व खालीं पू सांचतो. शिवाय या मलमांचेंहि कांहींजणांस वावडें असतें. आमच्या नातवाच्या गुडघ्याभोंवतीं खाज व लाली आली, तेव्हां जखम चिघळली असें समजून आम्ही आणखी मलम फांसत गेलों. नळी बंद केल्यावर चार दिवसांत तें शमलें. खिळा रुतला तर धनुर्वाताची लस विसरूं नये. नवरात्रांत आमच्या हरसिद्धिदेवीच्या दर्शनास अनवाणी जाणारे पुष्कळ. त्यांत मधुमेही असतील तर तळव्याच्या जखमेची त्यांस जाणीवहि होत नाहीं. रोज रात्रीं कोणी तरी त्यांचे तळवे दिव्यापाशीं पाहावेत, आणि जखम दिसली तर डबा न उघडतां डॉक्टर गांठावा.

दंतवैद्य आंतून औषध भरतात तें निराळें. मूळ साफ केल्यावर नळींत बहुधा कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला विरविलेला चुनाच, शुद्ध करून भरतात. (पानाचा चुना दाढेंत भरूं नये, हें सांगावयास नकोच, पण सांगतों.) जपानांत होशिनो प्रभृतींनीं १९९६ मध्यें तीन औषधांचा एक लेप पुढें आणला, त्यांतील मिनोसायक्लिननें दांत काळवंडतो, अशी त्याची उणीव. हिरडीच्या खोल फटींतहि कधीं औषध भरतात, पण कीटण खरवडल्यावर.

तोंडांतला प्रत्येक विकार जंतूंचाच असतो असेंहि नाहीं. तान्ह्या मुलाच्या जिभेवरचा पांढरा थर बहुधा बुरशीचा. त्यावर ही पूड निरुपयोगी, किंबहुना जंतूंस मारणाऱ्या औषधांनीं बुरशीस रानच मोकळें मिळतें. बुरशीवरचें हमायसिन हें औषध आपल्या महाराष्ट्रांतलें. १९५४ मध्यें पिंपरीस जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साह्यानें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथें १९६१ च्या सुमारास तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तें शोधलें. ज्या जंतूपासून तें मिळालें त्याच्या शास्त्रीय नांवांत पिंपरीचें नांव आहे.

घाटीच्या आवारांत शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. हर्सूलहून रिक्षानें जाण्यास फार वेळ लागत नाहीं. महालक्ष्म्यांच्या दिवशींहि दोन तास काढतां आले असते. सूनबाईची दाढ वांचली, त्यासाठीं तिला तीन खेपा घालाव्या लागल्या. डब्याचा कारभार आतां तिच्याकडे आहे. उरलेल्या कॅप्सुला तिनें काढून टाकल्या. सोफ्रामायसिनच्या नळीवरची तारीख तिनें आम्हांस मोठ्यानें वाचावयास लावली. ती दोन वर्षांपूर्वींच उलटून गेली होती.