पॅरोल बंद करा म्हणू नका, तो आपल्या गल्लीपर्यंत आणा

बिल्किस बानो प्रकरणाचा विषय निघाला की आपल्यातला कोणी ना कोणी म्हणतोच, "हे पॅरोल-फर्लो सगळं बंदच करायला हवं. जेल म्हणजे जेल." हा राग मला समजतो. ऑक्टोबर 2022 मध्ये गुजरात सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले. शिक्षामाफी मिळण्याआधीच 11 दोषींपैकी बहुतेक जण पॅरोल, फर्लो मिळून प्रत्येकी हजाराहून जास्त दिवस तुरुंगाबाहेर राहिले होते, हे त्यातून कळले. खटला मुंबईत चालला होता, त्यामुळे माफीचा अधिकार गुजरातचा नव्हे, महाराष्ट्राचा, असे सांगून 8 जानेवारी 2024 रोजी न्यायालयाने ती माफी रद्द केली. दोषी पुन्हा आत गेले आणि काही आठवड्यांतच त्यांच्यातल्या एकाला नातेवाइकाच्या लग्नासाठी 10 दिवसांचा पॅरोल मिळाला.

दुसरे उदाहरण हरियाणाचे. दोन बलात्कारांसाठी 20 वर्षांची शिक्षा झालेला डेरा प्रमुख गुरमीत राम रहीम 2024 या एकाच वर्षात जानेवारीत 50, ऑगस्टमध्ये 21 आणि ऑक्टोबरमध्ये 20 दिवस बाहेर होता. म्हणजे 91 दिवस. ऑक्टोबरची सुटका हरियाणाच्या मतदानाच्या तीन दिवस आधीची होती.

आता नागपूरला या. प्रा. जी. एन. साईबाबा व्हीलचेअरवर होते. ऑगस्ट 2020 मध्ये त्यांची आई हैदराबादेत वारली. तिला शेवटचे पाहायलाही त्यांना पॅरोल मिळाला नाही. 5 मार्च 2024 रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना निर्दोष ठरवले. न्याय मिळाला म्हणायचे, पण आईच्या मयतीचा तो दिवस कोणते खंडपीठ परत देणार?

या तीन गोष्टी एकत्र ठेवा आणि मग सांगा, दोष पॅरोलचा आहे की पॅरोल वाटणाऱ्या हाताचा? पॅरोल उद्या रद्द झाला, तर बड्यांसाठी दुसरी वाट निघेल. वाट बंद होईल ती धारावी, मालेगाव, भिवंडीतल्या त्या कैद्याची, ज्याची अम्मी डायलिसिसवर आहे आणि ज्याच्या मुलीने बापाला कधी काचेशिवाय पाहिलेले नाही. म्हणून "पॅरोल बंद करा" ही मागणी आपल्याच पायावर धोंडा आहे.

महाराष्ट्रात हा कारभार फर्लो व पॅरोलच्या नियमांनुसार चालतो. सरकारी कागदांवर फर्लोला संचित रजा म्हणतात आणि पॅरोलला अभिवचन रजा. फर्लोचे दिवस शिक्षेत धरले जातात, पॅरोलचे धरले जात नाहीत. म्हणजे पॅरोलवर घरी काढलेल्या दिवसांनी शिक्षा कमी होत नाही. गोव्यातील कैद्यांच्या प्रकरणात जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. मुदतपूर्व सुटकेसाठी लागणारी 14 वर्षे मोजताना पॅरोलचे दिवस वगळावेत, असा तो निकाल आहे. तेव्हा "पॅरोल म्हणजे सूट" हा समज आधी डोक्यातून काढा.

अर्ज केला की तीन गोष्टी पाहिल्या जातात: कैदी राहणार कुठे, जामीनदार कोण आणि पोलिसांचा अहवाल काय. डेऱ्याला आश्रम आहे. गावच्या पुढाऱ्याला वाडा आहे. आपल्या माणसाकडे दहा बाय दहाची भाड्याची खोली, घरमालकाची भीती आणि शेजाऱ्यांची कुजबुज. अहवालात 'शांततेला बाधा' एवढे शब्द आले की अर्ज संपला. दहशतवादाच्या गुन्ह्यातील कैद्यांना तर नियमच बाहेर ठेवतो. मे 2020 च्या कोविड पॅरोलमधूनही यूएपीए, मकोकासारख्या कायद्यांचे कैदी वगळले गेले. मुंबई लोकल स्फोटांच्या खटल्यातले 12 जण 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयातून निर्दोष ठरले. त्यातला एक जण ते ऐकायला नव्हता. 2021 मध्ये नागपूर कारागृहात कोविडने त्याचा मृत्यू झाला होता.

गरिबाच्या हमीला किंमत नसते, हे नवे नाही. 1978 च्या मोतीराम खटल्यात एका गवंड्याला जामीन मंजूर झाला. खालच्या न्यायालयाने 10,000 रुपयांची हमी मागितली आणि भावाची हमी नाकारली, कारण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्या. कृष्ण अय्यर यांनी तेव्हा या वृत्तीला चांगलेच फटकारले. पण ती वृत्ती गेली का?

इथवर सरकारला बोललो. आता स्वतःला. मुस्लिम नाव ऐकून फ्लॅट नाकारणाऱ्या सोसायट्यांवर आपण रोज पोस्ट टाकतो. मग आपल्याच मोहल्ल्यात सुटून आलेल्या माणसाला खोली कोण देतो? त्याच्यासाठी जामीनदार म्हणून सही कोण करतो? इफ्तारच्या मंडपासाठी वर्गणी निघते. कैद्याच्या बायकोला रेशनसाठी मात्र तीन दारे फिरावी लागतात.

सीरतच्या ग्रंथांत बद्रच्या कैद्यांची हकीकत आहे. हिजरी सन 2 मध्ये मदीनेत तुरुंग नव्हता. कैदी सहाबांच्या घरी राहिले. घरच्यांनी खजुरांवर भागवले आणि रोटी कैद्याला दिली. ज्यांना लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मुलांना शिकवले आणि तोच त्यांचा फिद्या ठरला. हे रणांगणात तलवार घेऊन उतरलेले शत्रू होते. सूरह अल-इन्सानमध्ये खाऊ घालण्याच्या संदर्भात मिस्कीन आणि यतीम यांच्याबरोबर कैद्याचे नाव येते. आपण पहिल्या दोघांच्या नावाने संस्था काढल्या, तिसऱ्याला विसरलो.

एक आक्षेप मात्र खरा आहे. ऑगस्ट 2022 मध्ये ते 11 दोषी सुटले, तेव्हा रंधिकपूरच्या अनेक मुस्लिम कुटुंबांनी भीतीने गाव सोडले. दोषी घरी येतो तेव्हा पीडितेचेही घर जवळच असते. म्हणून पीडितेला आधी कळवणे, तिचे ऐकणे आणि गरज असेल तर दोषीला दुसऱ्या गावी ठेवणे हे नियमात यायलाच हवे.

सरकारकडे आपण मागायचे ते एवढे: अर्जावर ठरलेल्या मुदतीत निर्णय, नकाराची लेखी कारणे, पोलिस अहवालाची प्रत कैद्याच्या हाती आणि कोणाला किती दिवस रजा मिळाली याचे आकडे जाहीर.

आणि आपण करायचे ते असे. प्रत्येक मोहल्ल्यात पाच जणांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन नाव नोंदवावे. केंद्राच्या 2023 च्या गरीब कैदी साहाय्य योजनेत जामिनासाठी आणि दंडासाठी आर्थिक मदत मिळू शकते, तिचे अर्ज भरून द्यावेत. जकातीच्या आठ हक्कदारांत मानेवरचे जोखड सोडवणे आणि कर्जबाजारी हे दोन्ही आहेत. कैद्याचा दंड त्यात बसतो का, हे आपल्या उलेमांना विचारावे. आणि ज्याच्या नावावर घर आहे, त्याने निदान एकदा जामीनदार म्हणून सही करावी.

कैदी आज ना उद्या बाहेर येणारच आहे. तो कोणाच्या दारात उभा राहील, हे मात्र आपल्यालाच ठरवायचे आहे.