‘चालणे बंद करा’ हा उपचार नव्हे

धार-देवासच्या मराठी समाजाला नर्मदा परिक्रमा नवी नाही. देवास जिल्ह्यातील नेमावर आणि धार जिल्ह्यातील धरमपुरी ही दोन्ही स्थाने उत्तर तटावरील, परिक्रमेच्या वाटेवरची. नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. म्हणजे दोन्ही तटांनी फिरणाऱ्यास अडीच हजार किलोमीटरांहून अधिक चालावे लागते. परिक्रमावासी स्वतःला खेळाडू म्हणवून घेत नाही. परंतु महिनोन् महिने रोज चालत राहणे ही मॅरेथॉन धावण्याइतकीच दमसासाची परीक्षा होय. म्हणूनच गुडघ्याच्या संधिवाताचा विचार करताना मी धावपटू आणि परिक्रमावासी यांना एकाच पंक्तीत बसवतो.

असा एखादा पन्नाशी ओलांडलेला मनुष्य गुडघा दुखतो म्हणून आपल्याकडे येतो. आपण क्ष-किरण चित्र उजेडासमोर धरतो आणि सांगतो, ‘झीज झाली आहे. चालणे बंद करा. पुढेमागे सांधा बदलावा लागेल.’ माझ्या मते या तीन वाक्यांनी रुग्णाचे जितके नुकसान होते, तितके पुष्कळदा रोगानेही होत नाही. ‘झीज’ म्हटले की डोळ्यांसमोर गाडीचे टायर येते: जितके वापराल तितके घासेल. पण सांधा ही सजीव वस्तू आहे. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. भार पडणे आणि उतरणे या क्रियेतूनच सांध्यातील द्रवाद्वारे तिला पोषण मिळते. चालणे थांबले की मांडीचे स्नायू रोडावतात, वजन वाढते, दुखणे बळावते आणि आपले भाकीत आपणच खरे करून दाखवतो. शिवाय चित्रातील बदल आणि प्रत्यक्ष वेदना यांचे प्रमाण नेहमी जुळत नाही. माझ्या स्वतःच्या उजव्या गुडघ्यातील अंतर चित्रात कमी झालेले दिसते. तरीही मी नित्य लांब चालतो.

लांब पल्ल्याच्या धावण्याने गुडघे खराब होतात, ही समजूतही तपासून पाहावी. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ४५ धावपटू आणि ५३ न धावणारे यांच्या गुडघ्यांवर जवळजवळ दोन दशके लक्ष ठेवले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार धावपटूंमध्ये संधिवात अधिक आढळला नाही आणि अधिक तीव्रही नव्हता. संख्या लहान आहे, हे मान्य. गुडघ्याची जुनी दुखापत, फाटलेली गादी किंवा अस्थिबंध असल्यास धोका वाढतो, हेही खरे. तथापि सरसकट मनाई करण्यास आधार नाही, एवढे निश्चित.

मग करावे काय? पहिला उपचार स्नायूंचा. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, पायरीवर चढणे-उतरणे, नितंबाच्या स्नायूंचे व्यायाम, हे आठवड्यातून दोन-तीन वेळा, निदान १२ आठवडे आणि क्रमाक्रमाने वाढवीत करावेत. दुसरा उपचार वजनाचा. २००५ मधील एका अभ्यासानुसार वजन १ किलोने घटले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे ४ किलोंनी हलका होतो. हजारो पावले चालणाऱ्याने याचा हिशेब स्वतःच करावा. तिसरा उपचार मात्रेचा. अंतर शून्यावर न आणता कमी करावे आणि हळूहळू वाढवावे. वेदना दहापैकी पाचाच्या आत राहिली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पूर्ववत झाली, तर ते चालणे सोसले असे समजावे. मांडूच्या पठारावरून निमाडात उतरताना वाटीमागच्या सांध्यावर चढापेक्षा अधिक ताण येतो. तेथे पावले लहान ठेवावीत आणि काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी.

वेदनाशामक मलम आधी, गोळी नंतर. लांब चालताना, विशेषतः उन्हात, शरीरातील पाणी कमी झालेले असता या गोळ्या मूत्रपिंडास अपाय करू शकतात. त्या वाटेत खिशात ठेवून मनास येईल तेव्हा घेऊ नयेत. सांध्यातील स्टेरॉइडचे इंजेक्शन तात्पुरता आराम देते. परंतु २०१७ मधील एका चाचणीत दर तीन महिन्यांनी दोन वर्षे ते दिलेल्यांची कूर्चा मिठाचे पाणी टोचलेल्यांपेक्षा अधिक घटली आणि वेदनेत मात्र फरक पडला नाही.

मी शस्त्रक्रियेचा विरोधक नाही. डेन्मार्कमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सांधेबदलास पात्र अशा १०० रुग्णांचे दोन गट केले होते. शस्त्रक्रिया झालेल्यांना आराम निःसंशय अधिक मिळाला. गंभीर दुष्परिणामही त्यांच्यातच अधिक दिसले. मात्र व्यायाम, आहार आणि समुपदेशन मिळालेल्या ५० जणांपैकी वर्षभरात केवळ १३ जणांना सांधा बदलून घ्यावा लागला. नीट व्यायाम करूनही रात्रीची झोप उडवणारी वेदना, वाढते व्यंग, घरातल्या घरात फिरणेही अशक्य होणे, अशा वेळी सांधेबदल हे वरदानच आहे. गुडघा लाल, गरम होऊन ताप येणे किंवा तो अडकून बसणे, यांत तर तत्काळ तपासणी हवी. प्रश्न शस्त्रक्रियेचा नसून क्रमाचा आहे.

हा क्रम चुकण्याचे एक कारण आपल्या व्यवसायातच आहे. व्यायाम शिकवण्यास वेळ लागतो. चित्र दाखवण्यास लागत नाही. यावर माझी सूचना साधी आहे. आपल्या संस्थेने धार आणि देवास येथे आठवड्यातून दोन दिवस फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली गुडघ्याचे व्यायामवर्ग चालवावेत, आणि तातडीची बाब नसल्यास १२ आठवड्यांचा वर्ग पुरा होईपर्यंत सांधेबदलाचा विषय काढू नये. परिक्रमेस निघणाऱ्यांनी चातुर्मासातच या वर्गास यावे. कार्तिकात निघेपर्यंत गुडघे तयार होतील. चिठ्ठीवर औषधाआधी व्यायाम लिहिण्याची सवय आपल्यास लागली, तर ‘चालणे बंद करा’ हे वाक्य आपल्या दवाखान्यांतून आपोआप नाहीसे होईल.