खेळातील कूळ आणि जन्माचा तक्ता

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या अमेरिकी खेळाच्या नियमग्रंथातून २०२४ साली 'वंश' हा शब्द वगळण्यात आला आणि त्याच्या जागी 'प्रजाती' हा शब्द आला. खेळाच्या पुस्तकातील एक शब्द बदलला, तर त्याची दखल वृत्तपत्रांनी का घ्यावी, असे कोणीही विचारील. परंतु ज्या खेळाने पन्नास वर्षे तरुणांपुढे 'कोणत्या कुळात जन्म हवा?' हा प्रश्न ठेवला, त्याच्या नियमांत समाजमनाचे प्रतिबिंब पडल्यावाचून राहत नाही.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. चारपाच मित्र टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो आणि फाशांच्या दानानुसार कथा पुढे सरकते. पात्र रचताना त्याचे कूळ ठरवावे लागते. माणूस तर आहेच. त्याखेरीज देखणा व दीर्घायुषी एल्फ, खाणीत राबणारा बुटका व दाढीधारी ड्वार्फ, आणि राकट ऑर्कांचे रक्त अंगी असलेला अर्ध-ऑर्क अशी कुळे आहेत. यक्ष, गंधर्व आणि राक्षस यांच्या कथा ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला ही सृष्टी अगदीच परकी वाटू नये.

खेळाडू जे कूळ निवडतो त्यावरून त्याचा स्वभाव ओळखता येतो, असा एक लोकप्रिय समज आहे. एल्फ निवडणारा सौंदर्यासक्त, ड्वार्फ निवडणारा हट्टी पण विश्वासू, ऑर्क निवडणारा आक्रमक. या समजात गंमत पुष्कळ असली तरी तथ्य थोडे आहे. १९७८ च्या प्रगत नियमांनुसार अर्ध-ऑर्काला बळ आणि काटकपणा यांचा प्रत्येकी एक गुण अधिक मिळे आणि लोकांवर छाप पाडण्याच्या शक्तीचे दोन गुण वजा होत. ज्याला योद्ध्याची भूमिका करावयाची आहे त्याने या तक्त्याकडे पाहून अर्ध-ऑर्क निवडला, तर तो हिंस्र ठरत नाही. हिशेबी मात्र ठरतो. बाजारातील ग्राहकाच्या खरेदीवरून त्याची आवड तेवढी कळते असे मानणे जसे भाबडेपणाचे आहे, तसेच हेही. किंमत काय होती, हे आधी विचारावयास हवे.

एकट्यादुकट्याच्या निवडीतून जे दिसत नाही ते समूहाच्या निवडीतून काहीसे दिसते. २००४ मध्ये आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या संगणकीय खेळात दोन परस्परविरोधी पक्ष होते. माणसे आणि एल्फ ज्या पक्षात होते तिकडे प्रारंभीच्या वर्षांत अधिक गर्दी होती. ऑर्क आदी ओबडधोबड कुळांच्या पक्षात ती कमी होती. २००७ च्या जानेवारीत या दुसऱ्या पक्षाला देखण्या एल्फांचे एक कूळ देण्यात आले आणि ते पाहता पाहता लोकप्रिय झाले. त्या कुळाबरोबर पूर्वी न मिळणारा एक व्यवसायही त्या पक्षाला लाभला, हे खरे. तेव्हा सारे श्रेय रूपाला देता येणार नाही. तरी रूपाची ओढ नाकारताही येणार नाही.

किंबहुना स्वभाव आणि निवड यांचा संबंध उलट दिशेनेही चालतो. निक यी आणि जेरेमी बेलेन्सन या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सहभागी व्यक्तींना संगणकीय देह सरसकट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वाटून दिले होते. ज्यांच्या वाट्याला उंच देह आला त्यांनी पैशांच्या वाटणीत अधिक ताठर भूमिका घेतली. ज्यांना ठेंगणा देह मिळाला त्यांनी अन्याय्य वाटणीही अधिक सहजपणे मान्य केली. म्हणजे सोंग घेणाऱ्यावर सोंगाचाही परिणाम होतो. जर असे असेल, तर त्या सोंगाला कोणते गुण चिकटवले आहेत, हा प्रश्न गौण राहत नाही.

पूर्वग्रहाचा उगम शोधावयाचा तो येथे, खेळाडूच्या आवडीनिवडीत नव्हे. १९७८ च्या त्याच पुस्तकात कोणत्या कुळाला कोणाविषयी सद्भावना, कोणाविषयी तिटकारा आणि कोणाविषयी द्वेष वाटतो, याचा एक स्वतंत्र तक्ताच होता. ड्वार्फाला जादूगार होण्यास बंदी होती. मानवेतर कुळांना बहुतेक व्यवसायांत ठरावीक पायरीपलीकडे चढता येत नसे. १९८१ च्या प्राथमिक आवृत्तीत तर 'एल्फ' आणि 'ड्वार्फ' हेच व्यवसाय होते! जन्म सांगितला की धंदा निराळा सांगावा लागत नसे. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली, लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या आणि तेथे होऊ न शकलेल्या भाषणात दाखवून दिले होते. या भूमीतील वाचकाला म्हणूनच तो तक्ता करमणुकीचा भाग वाटण्याआधी ओळखीचा वाटेल.

या सृष्टीवर ज्यांचा मोठा प्रभाव आहे त्या टोल्कीन यांनी १९५८ च्या एका पत्रात ऑर्कांचे रूप वर्णिताना मंगोल चेहरेपट्टीच्या विकृत प्रतिमेचा आधार घेतला होता. ऑर्कांसारख्या कुळांच्या चित्रणात खऱ्या मानवसमूहांविषयीच्या अपमानकारक कल्पना डोकावतात, हे या खेळाच्या प्रकाशकांनी २०२० साली स्वतःच मान्य केले.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ड्वार्फ म्हणजे माणूस नव्हे. तेव्हा त्याचे गुण निराळे असले तर बिघडले कोठे? सर्व कुळे सारखी केली तर खेळात रस तो काय उरेल? याचे उत्तर असे की देहाचा भेद आणि शीलाचा भेद या दोन गोष्टी एक नाहीत. एखाद्या कुळाला अंधारात दिसते, असे म्हणणे ही कल्पकता झाली. एखादे कूळ जन्मतःच दुष्ट, मंद किंवा नीच असते, असे म्हणणे हा जुनाच पूर्वग्रह झाला. त्याला फक्त टोकदार कान लावलेले असतात.

या दृष्टीने पाहता २०२४ मधील शब्दबदल हा खरा सुधार नव्हेच. 'प्रजाती' हा शब्द तर 'वंशा'हूनही अधिक जीवशास्त्रीय आहे. खरा सुधार आकड्यांत आहे. नव्या नियमांत बळ, बुद्धी, चपळाई यांचे जादा गुण कुळावरून मिळत नाहीत. पात्र पूर्वायुष्यात शेतकरी होते की कारागीर, खलाशी होते की सैनिक, यावरून मिळतात. जन्माची जागा शिक्षणाने आणि श्रमाने घेतली. शब्द बदलून तक्ता तसाच ठेवणाऱ्या सुधारणा पुष्कळ होतात. येथे तक्ता बदलला, हे महत्त्वाचे.

ऑर्क निवडणाऱ्या मुलाच्या स्वभावाची चिकित्सा करत बसण्याचे पालकांना कारण नाही. उलट ज्या कुळाला सारे हिणवतात त्याच्या कातडीत एक संध्याकाळ काढणे हे त्याला काही शिकवूनही जाईल. पाहावयाचे ते इतकेच, की त्याच्या हाती दिलेल्या पुस्तकात त्या ऑर्काला शहाणा, दयाळू किंवा विद्वान होण्याची मुभा आहे की नाही.