देणारा कोण, घेणारा कोण?

इंदोऱ्यातील आमच्या वस्तीच्या अभ्यासिकेत संध्याकाळी आम्ही मुलांना गणित शिकवितो. तेथल्या जुन्या संगणकावर अकरावीच्या एका मुलीने एक प्रोग्राम लिहिला. मराठीत शाब्दिक उदाहरण द्यायचे, त्याने उत्तर सांगायचे.

आम्ही उदाहरण दिले : ‘राजूने मीनाला ३ संत्री दिली. राजूकडे ५ संत्री उरली. आधी त्याच्याकडे किती होती?’ संगणक म्हणाला, २.

पोर हिरमुसली. पण दोष आमचा होता. ‘दिली, उरली म्हणजे वजाबाकी, एकूण, मिळून म्हणजे बेरीज’ ही युक्ती आम्हीच वर्गात शिकविली होती. तिने तीच संगणकाला शिकविली.

मग आम्ही कागद घेऊन बसलो. वाक्याचे शब्द सुटे केले, आकडे बाजूला काढले, नावांचे प्रत्यय वेगळे केले. ‘राजूने’ म्हणजे देणारा, ‘मीनाला’ म्हणजे घेणारी. ‘मीनाला राजूने दिली’ असे उलटे लिहिले तरी अर्थ तोच, कारण मराठीत शब्दाच्या जागेपेक्षा प्रत्यय बोलतो. मात्र ‘राजूने मीनाकडून घेतली’ म्हटले की तोच ‘ने’ घेणाऱ्याचा होतो. म्हणून क्रियापदही पाहावे लागते.

बी.कॉम.ला आम्ही पाठ केले होते : घेणारा नावे, देणारा जमा. येथेही तेच! प्रत्येक नावाचे एक खाते उघडले. राजूच्या खात्यात आरंभीची शिल्लक कोरी, गेली ३, अखेरची शिल्लक ५. कोरी जागा भरली तेव्हा संगणकाने उत्तर दिले, ८.

हे कोडे जुने आहे. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत डॅनियल बोब्रो यांनी १९६४ साली ‘स्टुडंट’ नावाचा प्रोग्राम केला. इंग्रजी वाक्यांची समीकरणे करून तो बीजगणिताची उदाहरणे सोडवी, पण वाक्ये ठरावीक साच्याचीच लागत. पुढे २०१४ साली वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी क्रियापदांचे वर्ग पाडले : कशाने वस्तू वाढते, कशाने घटते, कशाने एकाकडून दुसऱ्याकडे जाते.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीने घरचेच उदाहरण घातले : ‘ठेकेदाराने बाबांची ६०० रुपये उचल कापली. हाती १४०० आले. मजुरी किती झाली?’ संगणकाने लिहिले, ‘उचल हा शब्द मला माहीत नाही.’ आम्हाला आनंद झाला. जुन्या युक्तीने त्याने बेधडक ८०० सांगितले असते, आणि २००० रुपयांची मजुरी घरातल्या घरातच बुडाली असती! तिने तो शब्द शिकविला आणि उत्तर बरोबर आले.

आईबापहो, मुलाचे गणित चुकले की पाढ्यांवरून रागावू नका. आधी त्याला विचारा : कोणी दिले? कोणाला दिले? आधी किती होते, नंतर किती राहिले? हे विचारायला शाळा शिकलेले असावे लागत नाही. बेरीज की वजाबाकी, ते पोर मग आपणच सांगेल.