हौसेचे बळ आणि हक्कांची घडी

वेतन नाही, कार्यालय नाही, वरिष्ठांचा धाक नाही. तरीही निरनिराळ्या देशांत बसलेली माणसे एकत्र येऊन एखादा व्हिडिओ गेम घडवतात, हे आता नवलाचे राहिलेले नाही. 'झीरो ए.डी.' हा असाच एक गेम. प्राचीन साम्राज्यांच्या लढायांवर आधारलेल्या या गेममध्ये ग्रीक, रोमन आणि पर्शियनांच्या बरोबरीने मौर्यांचेही सैन्य आहे. जानेवारी २०२५ मध्ये त्याची सत्ताविसावी आवृत्ती प्रसिद्ध झाली, तिचे नावही 'अग्नी' असे भारतीय होते. मात्र या प्रकल्पाची सुरुवात झाली होती २००१ मध्ये. दोन तपांच्या वाटचालीनंतरही या आवृत्तीवर 'अल्फा', म्हणजे प्राथमिक चाचणी, अशीच मोहोर होती. स्वयंसेवकांच्या बळावर काय साधते आणि कोठे अडते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या एकाच उदाहरणात दडलेली आहेत.

विनामोबदला कलानिर्मिती महाराष्ट्राला नवी नाही. दिवसभर नोकरी करून रात्री तालमीला जाणाऱ्या हौशी कलावंतांनी येथील रंगभूमी जागती ठेवली. परंतु नाटकाला प्रयोगाची तारीख असते. तिसरी घंटा झाली की पडदा उघडावाच लागतो. स्वयंसेवकांच्या गेमला अशी घंटा नसते. काम लांबत जाते, परीक्षा, नोकरी आणि संसार यांत एकेक जण गळत जातो आणि मागे उरतात ती अर्धवट चित्रे व दुसऱ्याला न उमगणारा प्रोग्राम.

साधनांची अडचण आता फारशी उरलेली नाही. त्रिमितीय चित्रांसाठीचे 'ब्लेंडर' हे सॉफ्टवेअर २००२ मध्ये एक लाख युरोंची लोकवर्गणी गोळा करून सर्वांसाठी खुले करण्यात आले. गेम तयार करण्याचे 'गोडो' हे इंजिन २०१४ पासून मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. त्यामुळे अशा प्रकल्पात खर्च होते ते मुख्यतः माणसांचे तास. हे तास वाया जाऊ न देणे, हाच खरा व्यवस्थापनाचा प्रश्न आहे.

आधी खेळता यावे

या दृष्टीने 'बॅटल फॉर वेसनॉथ' या गेमचा इतिहास बोलका आहे. डेव्हिड व्हाइट यांनी जून २००३ मध्ये त्याची पहिली आवृत्ती लोकांपुढे ठेवली. ती साधी होती, पण खेळता येत होती. ती पाहून चित्रकार, लेखक, भाषांतरकार पुढे आले आणि ऑक्टोबर २००५ मध्ये १.० आवृत्ती निघाली. गेममधील मोहिमा आणि सैनिकांचे गुणधर्म साध्या मजकुराच्या फायलींमध्ये लिहिण्याची सोय असल्याने मुख्य प्रोग्रामला हात न लावताही नव्या माणसाला भर घालता येते. थोडक्यात, काम असे विभागले गेले की एका संध्याकाळची सवड असलेल्यालाही काही पुरे करता यावे.

याउलट 'झीरो ए.डी.'चे स्वप्न प्रारंभापासूनच भव्य होते. 'एज ऑफ एम्पायर्स'मधील फेरफार म्हणून सुचलेली कल्पना पुढे स्वतंत्र गेममध्ये बदलली. अनेक वर्षे काम मर्यादित गटातच चालले. २००९ मध्ये प्रोग्राम व कलाकृती मुक्त परवान्याखाली खुल्या झाल्या आणि पुढील वर्षी पहिली अल्फा आवृत्ती लोकांच्या हाती पडली. त्यानंतर आलेल्या आवृत्त्यांची संख्या पाहता, दारे उघडण्याचा निर्णयच प्रकल्पाला तारून गेला, असे म्हणावे लागते.

मालकी कोणाची?

खुल्या परवान्याचे महत्त्व केवळ तात्त्विक नाही. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार कृतीचा पहिला मालक सामान्यतः तिचा निर्माता असतो. नोकरीचा भाग म्हणून केलेले काम मालकाचे ठरते; पण स्वयंसेवक कोणाचा नोकर नसतो. म्हणजे त्याने काढलेले चित्र, रचलेले संगीत वा लिहिलेला प्रोग्राम त्याचाच राहतो. कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतर लेखी आणि स्वाक्षरीनिशी व्हावे लागते. त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता समजला जातो. चहाच्या टपरीवर 'आपण सगळे मिळून करू' असे ठरवून उभा राहिलेला गट, एखादा सदस्य रुसून बाहेर पडताच कोणत्या पेचात सापडू शकतो, हे यावरून ध्यानात यावे.

दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधणाऱ्यांची कथा तर आणखी वेगळी. मिल्टन गुआस्ती या अर्जेंटिनी निर्मात्याने 'मेट्रॉइड २' या जुन्या गेमचे नवे रूप सुमारे दहा वर्षे खपून घडवले आणि ऑगस्ट २०१६ मध्ये विनामूल्य दिले. निन्टेन्डोने कॉपीराइटची नोटीस बजावल्याने ते लगेचच मागे घ्यावे लागले. 'हाफ-लाइफ'ची नवी आवृत्ती करणाऱ्या 'ब्लॅक मेसा'च्या चमूचे नशीब निराळे होते. २०१२ मध्ये त्यांचे अपुरे काम विनामूल्य प्रसिद्ध झाले. पुढे मूळ मालक असलेल्या व्हॉल्व्ह कंपनीनेच विक्रीस परवानगी दिली आणि मार्च २०२० मध्ये पूर्ण गेम बाजारात आला. दोन्हींकडे निष्ठा सारखीच होती. भवितव्य मात्र मालकाच्या मर्जीवर ठरले.

श्रमांचे मोल

पैशांचा प्रश्न लोकवर्गणीने सुटेल, ही आशाही बेताचीच ठेवावी. एका प्रोग्रामरला वेतन देता यावे म्हणून 'झीरो ए.डी.'ने २०१३ मध्ये १ लाख ६० हजार डॉलरचे आवाहन केले. जमले सुमारे ३३ हजार. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' हा काही स्वयंसेवकांचा प्रकल्प नव्हे. पण त्याचीही २०१७ मधील लोकवर्गणीची मोहीम उद्दिष्टापर्यंत पोहोचली नव्हती. तो गेम अखेर २०२० मध्ये आला.

मग स्वयंसेवकाच्या पदरात काय पडते? अनुभव आणि नाव. गुआस्ती यांना पुढे 'ओरी' या गाजलेल्या गेमच्या निर्मात्यांकडे काम मिळाले, पण अशी दारे सर्वांसाठी उघडत नाहीत. म्हणूनच 'आज फुकट करा, उद्या नफ्यात वाटा देऊ' असे तोंडी आश्वासन देणारा गटप्रमुख आणि मुक्त परवान्याखाली सर्वांना समान हक्क देणारा प्रकल्प, यांतील भेद तरुणांनी ओळखला पाहिजे. पहिल्या प्रकारात लष्कराच्या भाकऱ्या भाजणेच वाट्याला येण्याचा धोका असतो. दुसऱ्यात निदान भाजलेली भाकरी आपली राहते.

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी आणि कला महाविद्यालयांत असे गट उभे राहायला साधनांची आडकाठी आज नाही. गाव करी ते राव न करी, हे खरेच आहे. परंतु गावालाही सीमा ठरवून घ्याव्या लागतात. पहिले चित्र काढण्यापूर्वी एका कागदावर चार गोष्टी लिहून सर्वांनी सह्या कराव्यात : कामावर हक्क कोणाचा, श्रेय कोणाला, उद्या पैसे आले तर वाटणी कशी आणि कोणी सोडून गेल्यास त्याच्या कामाचे काय. मैत्रीत असला कागद अनेकांना परका वाटेल. पण मैत्री आणि गेम दोन्ही टिकवायचे असतील, तर तो आधीच झालेला बरा.